दुष्काळ व शेतकरी कुटुंबांची नादारी

दुष्काळ व शेतकरी कुटुंबांची नादारी : पर्जन्याच्या अभावी पीक बुडाल्यामुळे शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न, साठा, पशुधन व पत यांचा ऱ्हास होऊन ते देणी फेडण्यास असमर्थ होणे, या प्रक्रियेचा महाराष्ट्रातील इतिहास. देणेकऱ्याची एकूण मालमत्ता त्याची देणी भागविण्यास अपुरी पडली म्हणजे त्यास नादारी म्हणतात आणि न्यायालयाने ती स्थिती विधिवत जाहीर केली म्हणजे तो नादार ठरतो. व्यापाऱ्याच्या बाबतीत ही अवस्था पुष्कळदा एखाद्या व्यवहारातील खोटीमुळे एकदम उद्भवते. शेतकऱ्याची नादारी मात्र बहुधा क्रमाक्रमाने येते व ती न्यायालयात जाहीर होण्याचे प्रसंग विरळाच येतात. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर), सोलापूर, पुणे व सातारा या जिल्ह्यांचा पूर्व भाग आणि मराठवाडा यांत, अवर्षण वारंवार येत असल्यामुळे तेथे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. या प्रदेशासाठी १८७९ पासून अनेक कायदे झाले. जुन्या देण्यातून सुटका आणि पुढील हंगामासाठी भांडवल या दोन गरजा एकाच वेळी भागल्याखेरीज दुष्काळग्रस्त कुटुंब सावरत नाही, हे त्यांच्या अनुभवावरून दिसून येते.

कार्यकारणभाव : दुष्काळात शेतकऱ्याची हानी केवळ बुडालेल्या पिकाएवढी नसते. पीक बुडाल्यावर धान्याचे भाव चढतात, शेतीतील कामे थांबल्याने मजुरी उतरते आणि कुटुंबाला जे विकावयाचे असते त्याची किंमत नेमकी त्याच वेळी कोसळते. वैरण संपल्यामुळे सर्वच शेतकरी बैल बाजारात आणतात आणि बैल मातीमोल जातात. पाऊस पडल्यावर सर्वांनाच बैल हवे असतात व तेच जनावर कितीतरी पटींनी महाग होते. दागिन्यांचेही असेच होते. १८७६–७८ च्या दुष्काळात ग्रामीण भागातील चांदीचे दागिने फार मोठ्या प्रमाणावर मोडीत निघून मुंबईच्या टांकसाळीत आले. स्वस्तात विकून महागात घेण्याच्या या व्यवहारातील तूट भरून काढण्यासाठी जे कर्ज काढावे लागते, ते दुष्काळानंतरच्या चांगल्या वर्षांतही कुटुंबाच्या डोक्यावर राहते.

संकटात सापडलेले कुटुंब आपली साधने विशिष्ट क्रमाने मोडते. प्रथम आहारात काटकसर होते. मग साठ्यातील धान्य, भांडी व दागिने जातात, त्यानंतर गाई-म्हशी व शेवटी औताचे बैल विकले जातात. माणसे कामासाठी परगावी जातात. जमीन गहाण टाकणे व विकणे हा अखेरचा उपाय असतो. एन्. एस्. जोधा यांनी राजस्थानच्या शुष्क प्रदेशाच्या अभ्यासात असाच क्रम नोंदविला असून, उत्पादक साधने वाचविण्यासाठी कुटुंबे बराच काळ अर्धपोटी राहतात, हे दाखवून दिले आहे. औताचे बैल गेले म्हणजे पुढील वर्षी पाऊस चांगला होऊनही जमीन वेळेवर कसता येत नाही. आपत्तीचे नादारीत रूपांतर होण्याची सुरुवात सामान्यतः येथे होते.

पूर्वपीठिका : ब्रिटिशपूर्व काळात दुष्काळ व सावकारी या दोन्ही गोष्टी परिचित होत्या. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात देहूच्या संत तुकारामांच्या घराची जी वाताहत झाली, तिचे निर्देश त्यांच्या अभंगांतच आहेत. त्यांची पहिली पत्नी अन्नान्न करीत मरण पावली आणि व्यापार बसून घराची अब्रू गेली. पुढे त्यांनी घरच्या सावकारीची खतपत्रे भावाबरोबर वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. दुष्काळात ऋणकोप्रमाणे लहान धनकोही बुडतो, याचे हे मराठी समाजाला सर्वाधिक परिचित असलेले उदाहरण होय. मराठी राज्यात पडीत गावे पुन्हा वसविण्यासाठी साऱ्यात सूट, तगाई, कौल व इस्तावा म्हणजे सारा हप्त्याहप्त्याने वाढवीत नेण्याची सवलत, असे उपाय योजले जात. सावकाराचे येणे वसूल होण्यात गावातील लोकमताचा व पंचांचा वाटा मोठा असे. कुळ गाव सोडून गेले तर सावकाराचेही नुकसान होई. त्यामुळे थकलेल्या देण्यात तडजोड करणे दोघांच्याही सोयीचे होते.

रयतवारी पद्धतीने ही परिस्थिती पालटली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ पासून इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पाहणीनुसार सारा तीस वर्षांसाठी रोख रकमेत ठरविण्यात आला. तो प्रारंभी हलका होता, परंतु पिकाच्या चढउताराशी त्याचा संबंध उरला नाही. जमीन हस्तांतरणीय झाल्यामुळे तिला तारण म्हणून मोल आले व सावकार पूर्वीपेक्षा अधिक रकमा देऊ लागले. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेमुळे हुकूमनाम्याची बजावणी सुलभ झाली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या देण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या हितासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटाच झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवी. उदाहरणार्थ, दर साल दर शेकडा २४ रु. सरळ व्याजाने घेतलेल्या १०० रुपयांचे तीन वर्षांनी १७२, दुसऱ्या नूतनीकरणाच्या वेळी सु. २९६ व नवव्या वर्षी सु. ५०९ रु. होतात. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा हिंदू विधीतील नियम मुंबई इलाख्यात मान्य होता. पण प्रत्येक नव्या खताबरोबर मुद्दलच वाढत गेल्यामुळे तो निष्प्रभ ठरला. वडिलांच्या देण्याबद्दलची वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित करणारा कायदा १८६६ मध्ये मुंबई इलाख्यात झाला, तथापि मुलाने स्वतःच्या नावे नवे खत लिहून दिले की त्याचे संरक्षण संपुष्टात येई.

दख्खनचे दंगे : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व शेतकऱ्यांची पत वाढली. युद्ध संपल्यावर भाव उतरले. इंदापूर तालुक्यात १८६७ पासून फेरपाहणी होऊन सारा वाढला. मधल्या काही वर्षांत पाऊसही अपुरा झाला. सावकारांनी कर्ज देण्यास हात आखडता घेतला व जुन्या येण्यासाठी दावे लावले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. दंगलखोरांचा रोख मुख्यतः खते, रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. कागद मिळाल्यावर बहुतेक ठिकाणी जीवितहानी न करता लोक परतले.

या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानुसार, दंगाग्रस्त भागात सरकारी जमिनीच्या सु. एकतृतीयांश खातेदारांवर कर्ज होते, ते सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होते आणि त्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग जमिनीच्या तारणावर होता. हे चित्र मोठ्या दुष्काळापूर्वीचे आहे. म्हणजे १८७६ मध्ये पावसाने दगा दिला त्या वेळी या कुटुंबांच्या हाती आपत्ती सोसण्यासाठी काहीही शिल्लक नव्हते.

१८७६–७८ चा दुष्काळ व १८७९ चा अधिनियम : या दुष्काळाचा मुंबई इलाख्यात सर्वाधिक तडाखा कलादगी (विजापूर), सोलापूर, अहमदनगर, सातारा व पुणे या जिल्ह्यांना बसला. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करून ती प्रौढ पुरुषास एक पौंड (सु. ४५० ग्रॅ.) धान्य व एक आणा या प्रमाणावर आणली गेली, तेव्हा १८७७ च्या प्रारंभी हजारो मजुरांनी कामे सोडली. न्या. महादेव गोविंद रानडे व गणेश वासुदेव जोशी यांच्या प्रेरणेने पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली आणि साऱ्याची सूट व पुरेशी मजुरी यांची मागणी केली. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात कर्ज, सारा, न्यायालयीन खर्च व कारकुनांचा भ्रष्टाचार यांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याच्या स्थितीचे विवेचन केले.

दख्खन कृषक साहाय्य अधिनियम १८७९ मध्ये संमत होऊन पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. ग्रामीण ऋणविषयक भारतीय विधींत तो एक महत्त्वाचा टप्पा समजला जातो. त्यानुसार न्यायालयाला खतातील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासता येऊ लागला. दामदुपटीचे तत्त्व हिशेबात लागू झाले. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करण्याची पद्धत बंद झाली. स्पष्टपणे तारण न दिलेली जमीन अशा हुकूमनाम्याखाली विकता येईनाशी झाली. पावती व खातेउतारा देणे सावकारावर बंधनकारक झाले. दाव्याची मुदत वाढविण्यात आली आणि खतांच्या नोंदणीसाठी ग्राम निबंधक व तडजोडीसाठी समेटकर्ते नेमण्यात आले.

या अधिनियमात नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. ज्याचे देणे ५० रुपयांहून कमी नाही, अशा शेतकऱ्याला दुय्यम न्यायाधीशाकडे अर्ज करून नादार म्हणून जाहीर करून घेता येई. पुढे प्रांतिक नादारी अधिनियमात (१९२०) ऋणकोच्या अर्जासाठी ५०० रु. देण्याची किमान मर्यादा ठेवण्यात आली. तीशी तुलना करता १८७९ ची तरतूद किती लहान कुटुंबांसाठी होती, हे लक्षात येते. तरीही तिचा लाभ फारच थोड्या शेतकऱ्यांनी घेतला. त्याची कारणे गावच्या अर्थव्यवहारात आढळतात. बियाणे, पोटगीचे धान्य, साऱ्याचा हप्ता व लग्नकार्याचा खर्च या सर्वांसाठी शेतकरी एकाच सावकारावर अवलंबून असे. नादारीमुळे मागचे देणे संपले, तरी त्याबरोबर पुढचे खातेही बंद होई. मृगापूर्वी बियाण्यासाठी दुसरे दार नसलेल्या कुटुंबाला न्यायालयाने दिलेली मुक्तता पत्करणे परवडत नसे. दिवाळे निघणे ही घराण्याच्या अब्रूची हानी मानली जाई, हे दुसरे कारण होय.

सावकारांनीही नव्या कायद्यातून वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेणे आणि जमीन परत देण्याचे केवळ तोंडी आश्वासन देणे, हा प्रघात वाढला. पुढील दुरुस्तीने अशा खरेदीमागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना देण्यात आला. कैद व लिलाव यांपासून शेतकऱ्याला खरे संरक्षण मिळाले, ही या अधिनियमाची जमेची बाजू होय. कर्जाची गरज मात्र त्यामुळे कमी झाली नाही.

पतपुरवठ्याचे प्रयत्न : ही उणीव समकालीनांच्या लक्षात आली होती. सर विल्यम वेडरबर्न यांनी रानडे प्रभृतींच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यात प्रायोगिक कृषी बँक काढण्याची योजना मांडली. जुनी कर्जे तडजोडीने फेडून शेतकऱ्याला माफक व्याजाने नवे भांडवल द्यावयाचे, अशी ती होती. भारत सरकारची संमती मिळूनही भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. तिच्याऐवजी १८८३ चा जमीन सुधारणा कर्जे अधिनियम व १८८४ चा कृषक कर्जे अधिनियम यांनुसार सरकारी तगाईचीच व्यवस्था झाली. तगाई स्वस्त होती, परंतु ती मिळण्यास विलंब लागे व तिची वसुली साऱ्याच्या थकबाकीप्रमाणे सक्तीने होई.

१८९६–९७ व १८९९–१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी पुन्हा मोठ्या प्रमाणावर पशुधन नष्ट केले. १९०१ च्या मॅक्डॉनेल आयोगाने साऱ्याची वेळीच तहकुबी व परस्परसाहाय्यक पतसंस्था यांवर भर दिला. त्याच वर्षी मुंबई सरकारने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून, सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन हस्तांतरणाचा हक्क न देता पुन्हा लागवडीस देण्याची तरतूद केली. जमिनीचे तारणमूल्य जाऊन शेतकऱ्याची पतच नाहीशी होईल, या कारणास्तव फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले इत्यादींनी तिला विरोध केला व ते विधिमंडळातून उठून गेले. जमीन वाचवावी की पत वाचवावी, हा पेच या वादात स्पष्ट झाला.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमाने नवा मार्ग उघडला व १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रांतिक मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. परंतु अवर्षणप्रवण भागातील सहकारी संस्थेपुढे एक अंगभूत अडचण होती. तिचे सर्व सभासद एकाच पावसावर अवलंबून असल्यामुळे ते एकाच वर्षी थकबाकीदार होत आणि सभासदांबरोबर संस्थाही अडचणीत येई. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा सु. ३ टक्के व सावकारांचा सु. ७० टक्के आढळला. या पाहणीच्या शिफारशींनुसार रिझर्व्ह बँकेने १९५६ मध्ये स्थिरीकरण निधी स्थापन केला. नैसर्गिक आपत्तीत अल्प मुदतीच्या पीककर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर करण्याची सोय त्यामुळे झाली. रूपांतरामुळे थकबाकीदाराला नवे पीककर्ज मिळू शकते, ही या पद्धतीची महत्ता होय. मात्र लागोपाठ दोन-तीन वर्षे पीक बुडाल्यास रूपांतरित हप्ते व नवे कर्ज यांचा बोजा एकत्र येतो.

ऋणमुक्तीचे विधी : १९२९ नंतरच्या मंदीच्या अनुभवावरून मुंबई कृषक ऋणको साहाय्य अधिनियम १९३९ मध्ये झाला व १९४७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ऋणकोच्या परतफेडीच्या कुवतीनुसार देणे कमी करून त्याचे हप्ते बांधून द्यावयाचे, हे त्यांचे तत्त्व होते. महाराष्ट्र ऋणमुक्ती अधिनियम, १९७५ याने सीमांत शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी देणी रद्द केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. अशा प्रत्येक विधीनंतर सावकारी पतपुरवठा आकसतो आणि ज्या भागात संस्थात्मक कर्ज पोहोचलेले नसते, तेथे गरजू कुटुंब अधिक कडक अटींवर छुपे कर्ज घेते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. २००८ ची केंद्र सरकारची कर्जमाफी व महाराष्ट्र शासनाच्या २०१७ आणि २०१९ च्या योजना मुख्यतः संस्थात्मक कर्जापुरत्या होत्या. त्यामुळे सावकार, दुकानदार व नातेवाईक यांच्याकडून उसनवार केलेल्या कुटुंबांना त्यांचा लाभ मर्यादित प्रमाणात झाला.

साधनांचे रक्षण : १९७२–७३ च्या दुष्काळात वेगळा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला गेला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख लोक होते. त्यांत भूमिहीनांबरोबर जमीनधारक शेतकरीही पुष्कळ होते. आठवड्याच्या मजुरीमुळे पोटासाठी कर्ज काढण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली नाही. पशुधनाची हानी मात्र टळली नाही. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने वैधानिक आधार मिळाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढील काळात, विशेषतः २०१२–१३ व २०१५–१६ च्या अवर्षणांत, चारा छावण्यांना महत्त्व आले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) कलम ६० अन्वये शेतकऱ्याची अवजारे, औताची जनावरे व बियाणे जप्तीपासून मुक्त आहेत. या कलमामुळे बैल बेलिफापासून वाचतो. वैरणीअभावी होणाऱ्या विक्रीपासून त्याला छावणीच वाचवू शकते.

विम्याचा विचारही जुना आहे. म्हैसूरच्या जे. एस्. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पर्जन्यमानावर आधारित विम्याची योजना मांडली होती. वि. म. दांडेकर यांनी १९७० नंतरच्या दशकात, प्रत्येक शेताऐवजी संपूर्ण क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून भरपाई ठरवावी, असे प्रतिपादन केले. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषिविमा योजना व २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना यांत क्षेत्रनिहाय तत्त्वाचा अवलंब झाला. क्षेत्राची सरासरी चांगली असताना एखाद्याचेच पीक बुडाल्यास त्याला भरपाई न मिळणे, ही या पद्धतीतील उणीव असून स्थानिक आपत्तींसाठी वैयक्तिक पंचनाम्याची पूरक तरतूद नंतरच्या योजनांत करावी लागली. भरपाईची रक्कम पुढील पेरणीपूर्वी हाती न आल्यास बियाण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. म्हणून विम्यात रकमेइतकेच वेळेलाही महत्त्व आहे.

मूल्यमापन : नादारीचा सर्वसाधारण विधी व्यापारी व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. मालमत्ता एकत्र करून धनकोंत वाटावी व ऋणकोला मोकळे करावे, ही त्याची पद्धत. ज्या कुटुंबाची मालमत्ता व उपजीविकेचे साधन एकच असते, त्याला ही पद्धत लागू करणे कठीण जाते. जमीन वाटून दिली तर मुक्तता व्यर्थ ठरते आणि जमीन राखली तर धनको पुढे कर्ज देत नाही. नादारी व दिवाळखोरी संहितेत (२०१६) अल्प उत्पन्न व अल्प मालमत्ता असलेल्या व्यक्तीला नव्याने आरंभ करता यावा अशी तरतूद आहे. तथापि व्यक्तींच्या नादारीविषयीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये केवळ कंपन्यांच्या कर्जांना हमी देणाऱ्यांपुरता अंमलात आणला गेला.

सुमारे दीड शतकाच्या या इतिहासात ऋणमुक्तीचा उपाय बहुधा दुष्काळानंतर योजला गेला, तर कुटुंबाची खरी हानी दुष्काळ चालू असताना, बैल व दागिने विकण्याच्या काही महिन्यांत झाली. त्या महिन्यांत मजुरी, वैरण, वसुलीची तहकुबी व पेरणीपूर्वी मिळणारे कर्ज उपलब्ध असेल तेथे पीक बुडूनही कुटुंब तगून राहते. यांपैकी काहीच नसेल, तर उदार ऋणमुक्तीनंतरही ते पहिल्याच अपुऱ्या पावसाळ्यात पुन्हा कर्जाकडे वळते.